पोत्यावरचे १६ टक्के, गव्हाणीतले ११

रब्बी ज्वारी निघाली, जत-आटपाडीकडे कडब्याच्या गंज्या लागल्या. माडग्याळी (जतकडची मेंढीची जात) नर कोकरं बांधून, खुराकावर, म्हणजे मका-पेंड-भुशाच्या मिश्रणावर धरून दोन-तीन महिन्यांत बाजाराला काढायचे हे दिवस. या दिवसांत बहुतेकांचा पैसा पेंडेत जातो आणि वजन मात्र मनासारखं येत नाही.

खुराकाच्या पोत्यावर १६ टक्के प्रथिने लिहिलेली असतात. पण कोकरू नुसता खुराक खात नाही. कडब्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के. सहा भाग खुराक आणि चार भाग कडबा असा हिशेब मांडला, तर पोटात जाणारा आकडा ११ वर येतो. तीन-चार महिन्यांच्या वाढत्या कोकराला १४ ते १६ लागतात. अंगात हाड-मांस धरायचं वय हेच, आणि नेमकी इथेच उपासमार होते.

यावर पेंड दुप्पट करणं हा महागडा उपाय. त्यापेक्षा निम्मा कडबा काढून त्याजागी लसूणघास द्या, आकडा १४ च्या आसपास जातो. २५ किलोच्या कोकराला रोज ६०० ग्रॅम खुराक, २०० ग्रॅम कडब्याची कुट्टी आणि किलोभर हिरवा लसूणघास पुरतो. सुबाभळीचा पालाही चालतो, मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

खुराक घरी करायचा तर १०० किलोला मका भरडा ५५, शेंगदाणा पेंड २०, गहू भुसा (म्हणजे कोंडा) २२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. पेंडेला बुरशीचा वास आला तर मोह न धरता फेकून द्या. खनिज मिश्रण मेंढ्यांचंच घ्या. गाईम्हशींच्या मिश्रणातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि जनावर अचानक जातं.

कोकरू २५ किलोच्या वर गेलं की गणित उलटतं. आता चरबी-मांस भरायचं असतं, त्याला ऊर्जा लागते. प्रथिने १२ टक्क्यांच्या आसपास पुरतात. मका ७०, पेंड १०, भुसा १७ करा, बाकी तेच. ‘शेवटी शेवटी पेंड वाढवली की अंग भरतं’ हे मी वाड्या-वस्त्यांवर कायम ऐकतो. जादा प्रथिने लघवीवाटे निघून जातात. सकाळी वाड्यात शिरताच नाकाला झोंबणारा वास आला, तर पेंड तिथे जिरते आहे असं समजा.

मका एकदम वाढवू नका. दोन आठवडे घ्या, नाहीतर पोट फुगून कोकरू आडवं होईल. खुराक सुरू करण्याआधी आंत्रविषाराची (खुराकावर येणाऱ्या आतड्याच्या जीवघेण्या रोगाची) लस हवीच. दर आठवड्याला त्याच वेळी, उपाशीपोटी ताणकाट्यावर वजन करा. दोन आठवडे काटा हलला नाही तर आधी जंत बघा, मग खुराकाला दोष द्या.

मका-भुशाच्या खुराकावर नरांना मूतखड्याचा धोका असतो. पाणी दिवसभर समोर, सावलीत ठेवा. कोकरू शेपटी हलवत कुंथत असेल आणि लघवी थेंब थेंब येत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.