बाक आलेली प्लाय सीएनसीवर कशी बसवली

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय काम होत नाही, आणि घोळ तिथूनच झाला. १८ एमएमची ८ बाय ४ ची शीट कूलरसमोर भिंतीला टेकवून ठेवली होती. एका अंगाने ओलावा धरला, ते अंग फुगलं आणि शीटला बाक आला.

सीएनसी राऊटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लाकूड कापायच्या मशीनवर ठेवून, शीट खाली ओढून धरणारा व्हॅक्यूम लावला तर कडेने नुसती हवा ओढल्याचा आवाज. कडेच्या मधोमध फट ६ एमएम, कोपऱ्याशी जवळपास ८. अख्खी शीट वाया जाणार म्हणून जीव तुटत होता.

मिस्त्रीकाका म्हणाले, "आधी पलटवून तर पाहा." पलटवली, फुगवटा वर. आता चारही कडा मशीनच्या बेडला टेकल्या, गळती थांबली आणि मधला भाग दाबताच फस्स करून खाली बसला. तरी दोन ठिकाणी पोकळ वाजत होतं. तिथे वाया जाणाऱ्या भागात मशीननेच आधी भोकं पाडून घेतली आणि खाली बेडवर असलेल्या एमडीएफच्या फळीत स्क्रू आवळले. भोकं प्रोग्राममध्येच असल्याने कापणारा बिट स्क्रूवर जायची भीती नाही. अंदाजाने स्क्रू मारणं मला पटत नाही.

बिट डाऊनकट लावला, तो लाकूड खाली दाबतो. तळाशी अर्धा एमएम पापुद्रा ठेवून सगळे पार्ट कापले आणि शेवटच्या फेरीत तो काढला, म्हणजे सुटलेला पार्ट मध्येच उसळत नाही.

आता शीट आडव्याच ठेवतो, कूलरपासून लांब.