डोंगर सपाट करू नका! पर्वतीय राष्ट्रीय उद्यानांच्या वर्गप्रकल्पात या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे आठवीच्या प्रकल्पांची गडबड सुरू होते. मी मुंबईतल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. ‘पर्वतीय राष्ट्रीय उद्यानं’ हा विषय पहिल्यांदा वर्गाला दिला, तेव्हा हातात आलेले चार्ट अजून डोळ्यांसमोर आहेत. झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेली रंगीत चित्रं, कडेला चकाकी आणि जवळजवळ प्रत्येक चार्टवर पट्टेरी वाघ. लडाखच्या हेमिसवरसुद्धा, जिथला राजा हिमबिबट्या आहे! मुलांनी जीव ओतून काम केलं होतं. पण मी त्यांना नुसता विषय दिला होता, शोधायला प्रश्न दिलाच नव्हता.

तेव्हापासून दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात. त्या कशा टाळायच्या, ते लिहिते आहे. शिक्षकांना उपयोग होईलच, पण रात्री दहा वाजता मुलांसोबत चार्ट रंगवायला बसणाऱ्या आईबाबांनाही होईल.

उंची विसरणं

सगळ्यात मोठी चूक हीच. क्षेत्रफळ, स्थापना, प्राणी, पक्षी, झाडं अशा पाच मथळ्यांखाली माहिती भरली की मुलांना प्रकल्प झाला असं वाटतं. त्या कागदावर मैदानातलं काझीरंगा आणि हिमालयातलं कांचनगंगा सारखीच दिसतात. डोंगरातल्या उद्यानात कोणतं झाड कुठे वाढेल आणि कोणता प्राणी कुठे राहील, हे मुख्यतः उंची ठरवते.

मी आता पहिल्या तासाला आलेख कागद वाटते. प्रमाण १ सेंटिमीटरला ५०० मीटर. तळाला समुद्रसपाटी, म्हणजे आपली मुंबई. मग एकेक उभी पट्टी काढायची. कान्हेरी लेणी जिथे आहेत त्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला सगळ्यात उंच भाग सुमारे ४६८ मीटर, म्हणजे पट्टी एक सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, सव्वातीन सेंटिमीटर. केरळच्या एराविकुलम उद्यानातलं अनैमुडी २,६९५ मीटर, साधारण साडेपाच. उत्तराखंडच्या नंदादेवी उद्यानातलं नंदादेवी शिखर ७,८१६ मीटर, साडेपंधराच्या वर. कांचनगंगा ८,५८६ मीटर, सतराच्या पुढे. एक मुलगी पट्टी धरून वर वर जात राहिली, थांबली आणि म्हणाली, “बाई, कान्हेरीला चढताना माझे पाय दुखले होते, आणि तो डोंगर एवढासाच?” तिच्या गटाला मग प्रश्न शोधून द्यावा लागला नाही.

पुढची पायरी तापमानाची. दर १६० मीटरला साधारण १ अंश सेल्सिअस घट, हे मुलांनी पाठ केलेलं असतं; ते इथे वापरायला लावा. मुंबईत ३० अंश असताना, फक्त उंचीचा विचार केला तर, उत्तराखंडातल्या, सुमारे ३,५०० मीटरवरच्या ‘फुलांची घाटी’ या राष्ट्रीय उद्यानात किती? भागाकार करा, जवळपास २२ अंश कमी, म्हणजे ८ अंश. अक्षांश आणि ऋतूमुळे खरा आकडा वेगळा निघेल, तो का वेगळा निघतो हेही विचारा. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, हे कळलं की तिथे राहणाऱ्या प्राण्यांकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात.

सिक्कीमचं कांचनगंगा राष्ट्रीय उद्यान या कामासाठी मला सगळ्यात आवडतं. १,२२० मीटरपासून थेट शिखरापर्यंत, सात किलोमीटरहून अधिक उंचीचा फरक, आणि तोही १,७८४ चौरस किलोमीटरच्या आत. खाली दमट जंगल, वर कायमचा बर्फ.

पाटीवरच्या नावांचा घोळ

भीमाशंकर, कर्नाळा, तुंगारेश्वर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत, राष्ट्रीय उद्यानं नव्हेत. मुंबईची मुलं हमखास इथे चुकतात, कारण सहलीला तिथेच गेलेली असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोन्हींचे नियम वेगळे आहेत. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत, अभयारण्यात मात्र काही अटींवर परवानगी मिळू शकते.

एकाच जमिनीला अनेक ओळखी असतात, हे समजावायला आपलं चांदोली घ्या. २००४मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१०मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, २०१२मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत. तिन्ही वर्षं बरोबर आहेत. मुलांनी ‘स्थापना’ या शब्दापुढे त्यातलं कोणतंही एक लिहिलं की गोंधळ होतो.

दोन संकेतस्थळांवर दोन आकडे दिसले की एक खोडणं

हिमाचलातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ एका ठिकाणी ७५४.४ चौरस किलोमीटर मिळतं, दुसऱ्या ठिकाणी ९०५.४. एका गटात यावरून भांडण लागलं होतं, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा चार्टवर गेला. खरं तर दोन्ही आकडे बरोबर होते. पहिला फक्त उद्यानाचा. दुसऱ्यात शेजारच्या सैंज आणि तीर्थन अभयारण्यांचे ९० आणि ६१ मिळवलेले, कारण २०१४मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली ती तिन्हींची मिळून. बेरीज करून बघा. म्हणून आकडे जुळेनात तेव्हा आधी विचारायचं: हा आकडा नेमका कशाचा? मीटर आणि फुटांचीही गल्लत तपासा. ५,४०० ‘मीटर’ उंचीचं कळसूबाई मी स्वतः तपासलेल्या वहीत पाहिलं आहे.

माहितीच मिळत नाही अशी तक्रार आली, तर बहुधा नावाच्या स्पेलिंगची अडचण असते. कांचनगंगा, कांचनजंगा, खांगचेंडझोंगा, सगळी रूपं टाकून बघायला सांगा.

माणसं पुसून टाकणं

मुलांच्या चित्रातल्या उद्यानात माणूस नसतो, आणि असला तर तो कॅमेरा गळ्यात अडकवलेला पर्यटक. हे मला खरोखर खटकतं. ग्रेट हिमालयन उद्यानाच्या वरच्या कुरणांवर, तिथल्या भाषेत ‘थाच’, आसपासच्या गावांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. लोक औषधी मुळं आणि गुच्छी (रानातली खायची अळंबी) गोळा करून आणत होते. १९९९मध्ये उद्यानाची अंतिम घोषणा झाली तेव्हा हे हक्क थांबले. गिर्यारोहकांच्या गर्दीने नासधूस व्हायला लागली म्हणून नंदादेवी उद्यानाचा गाभा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला. त्याच परिसरातल्या रेणी गावात गौरादेवी आणि गावच्या बायकांनी १९७४मध्ये, चिपको आंदोलनात, झाडांना कवटाळून जंगल वाचवलं होतं. जंगल कोणी राखलं आणि दार कोणाला बंद झालं, या प्रश्नावर आठवीची मुलं तासभर वाद घालतात. घालू द्या. आणि बोरिवलीच्या जंगलातही वारली पाडे आहेत, वाघोबाला मानणारी माणसं आहेत, हे मुंबईच्या मुलाला ठाऊक असायलाच हवं.

जवळचं सोडून लांबचं

यलोस्टोन (१८७२) किंवा किलिमांजारो घ्यायला हरकत नाही, पण तिथे मूल पाऊल ठेवू शकत नाही. बोरिवलीला लोकलने जाता येतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं डोंगराळ जंगल, पोटात तुळशी आणि विहार हे तलाव. पायथ्यापासून कान्हेरीपर्यंत चढताना प्रत्येक टप्प्यावर थांबून मोबाइलवरची उंची, तापमान आणि आसपासची तीन झाडं नोंदवायची, एवढं काम पुरतं. फरक कमी येईल, कधी काहीच येणार नाही. तो तसाच लिहायचा, हवा तसा आकडा बसवायचा नाही. सोमवारी उद्यान बंद असतं. आम्ही एकदा सोमवार ठरवून बसलो होतो आणि तारीख बदलताना चाळीस पालकांना फोन करावे लागले.

या भेटीतून लांबच्या डोंगराकडे जाणारी एक वाट फार सुंदर आहे. सह्याद्रीतली कारवी आठव्या वर्षी फुलते. एराविकुलमची नीलकुरिंजी बाराव्या वर्षी, २००६ आणि २०१८मध्ये ती डोंगरभर फुलली होती. दोघी स्ट्रोबिलँथस या एकाच प्रजातीतल्या (इंग्रजीत ‘जीनस’), जाती मात्र वेगळ्या. मग एकीला आठ आणि दुसरीला बारा वर्षं का लागत असतील? माझ्या एका गटाने आधी इंटरनेट न बघता स्वतःचे तीन अंदाज लिहिले, आणि ते पान त्या वर्षीच्या सगळ्या चार्टपेक्षा मला मोलाचं वाटलं.

आठवडाच उरला असेल तर

चार्ट झाले आहेत आणि आता हे वाचून धास्तावला असाल, तर सगळं फाडू नका. प्रत्येक प्राण्याच्या, झाडाच्या चित्राखाली तो किती मीटरवर आढळतो ते पेन्सिलीने लिहायला सांगा. ज्याची उंची सापडत नाही किंवा जो त्या उद्यानात राहतच नाही, ते चित्र काढून ठेवा. हेमिसचा वाघ इथेच गळेल. उरलेली चित्रं कापून आलेख कागदाच्या उभ्या पट्टीवर आपापल्या उंचीला चिकटवा. हे काम दोन तासांत होतं. मात्र सुंदर अक्षराच्या एकाच मुलीला सगळं करायला बसवू नका. पट्टी आखायला एक, आकडे तपासायला दोघं आणि समोर उभं राहून बोलायला शेवटच्या बाकावरचा तो गप्प मुलगा.