गोकतुर्क साम्राज्याचा उदय आणि विभाजन कसे अभ्यासावे

अल्ताई पर्वताच्या परिसरातून उठलेल्या गोकतुर्कांनी सहाव्या शतकात पाव शतकाच्या आत मंगोलियापासून क्रिमियापर्यंत आपली सत्ता पोहोचवली. हे साम्राज्य दुभंगले केव्हा, याची 552, 581 आणि 603 अशी तीन उत्तरे वाचायला मिळतात आणि नवा अभ्यासक तेथेच अडखळतो. त्यातले एक वर्ष निवडून बाकीची खोडू नयेत, कारण प्रत्येक वर्षी काहीतरी निराळे घडले आहे आणि ते निराळेपण उलगडणे हाच या विषयाचा खरा अभ्यास आहे.

सुरुवात नावांपासून करावी. तुर्की, चिनी आणि ग्रीक लेखनात एकच माणूस तीन नावांनी वावरतो. बुमिन चिनी नोंदींत तुमेन होतो, तर त्याचा भाऊ इस्तेमी ग्रीक लेखनात सिझाबुल म्हणून भेटतो. वहीत प्रत्येक व्यक्तीसमोर ही सर्व रूपे लिहून ठेवावीत, नाहीतर एका राजाचे दोन राजे होतात.

उदयाची घटना त्यामानाने सरळ आहे. आशिना कुळाचे तुर्क हे मंगोलियाच्या गवताळ प्रदेशावर राज्य करणाऱ्या रौरान या भटक्या लोकांच्या सत्तेचे मांडलिक असून तिच्यासाठी लोखंड घडवीत. तिएले टोळ्यांचा हल्ला परतवल्यानंतर बुमिनने रौरान राजकन्येला मागणी घातली, तेव्हा ‘माझा लोहार दास’ अशा शब्दांत त्याचा अपमान करण्यात आला. त्याने 551 मध्ये उत्तर चीनमधील पश्चिम वेई दरबाराशी सोयरीक जोडली आणि 552 मध्ये रौरानांचा पराभव करून खागान, म्हणजे सर्वोच्च राजा, ही पदवी घेतली. अपमानाची कथा रंजक आहे, पण अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे ते लोखंड आणि चिनी दरबाराशी जुळलेले नाते यांकडे. त्याच सुमारास पश्चिमेचा कारभार इस्तेमीकडे आला. त्याची पदवी याब्गू, म्हणजे खागानाहून खालची होती. 552 या वर्षाचा अर्थ एवढाच की कामाची वाटणी झाली. राज्य एकच राहिले.

यानंतर वंशावळ काढावी. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिला वेळ द्यावा. बुमिनच्या पश्चात त्याचे तीन पुत्र, इस्सिक, मुकान आणि तास्पर, क्रमाने खागान झाले, म्हणजे गादी भावाकडून भावाकडे गेली. तिन्ही भाऊ संपल्यावर पुढच्या पिढीत कोणाचा मुलगा बसणार, याचे उत्तर या पद्धतीत नव्हते. 581 मध्ये तास्पर वारला, तेव्हा त्याने मुकानचा पुत्र आपा याला पसंती दिली होती. परंतु आपाची आई हलक्या कुळातली असल्याचे सांगून सरदारांनी त्याला नाकारले, आणि अखेर इस्सिकचा पुत्र इश्बारा खागान झाला. या तीन शाखा तीन रंगांत काढाव्यात आणि चौथ्या रंगात इस्तेमीचा पुत्र तार्दू दाखवावा. भाऊबंदकी कोठे पेटणार हे मग कागदावरच दिसू लागते.

आता वंशावळीशेजारी चीनचा कालपट ठेवावा. उत्तर चौ आणि उत्तर छी ही राज्ये परस्परांच्या भीतीने तुर्कांना रेशीम देत होती. एकट्या चौ दरबाराकडून वर्षाला 1,00,000 ताग्यांचा पुरवठा होत असे. खागान हे रेशीम सरदारांत वाटून त्यांची निष्ठा टिकवीत असे, हे माझ्या मते साम्राज्याच्या एकीचे मोठे रहस्य आहे. 577 मध्ये चौने छी जिंकले, 581 मध्ये सुई घराणे सत्तेवर आले आणि हा ओघ आटला. सुई मुत्सद्दी चांगसुन शेंग याने तुर्कांमध्ये राहून त्यांच्यातील मत्सर जवळून पाहिला होता. दूरच्याशी मैत्री करावी व जवळच्यावर प्रहार करावा, हा त्याचा सल्ला मानून सुई सम्राटाने तार्दूकडे लांडग्याचे शिर असलेला ध्वज पाठवला. 583 मध्ये इश्बाराने आपाच्या तळावर हल्ला करून त्याच्या आईला ठार केले. आपा तार्दूकडे पळाला आणि त्याच्याकडून सैन्य घेऊन परतला. 581 हे कलहाचे वर्ष आहे; 603 मध्ये तिएले टोळ्यांच्या बंडाने तार्दूची सत्ता कोसळली, आणि त्यानंतर पूर्व व पश्चिम पुन्हा एका खागानाखाली आले नाहीत.

पुढचा भाग थोडक्यात नोंदवला तरी चालेल: पूर्वेकडील राज्य 630 मध्ये आणि पश्चिमेकडील 657 मध्ये चीनच्या तांग घराण्याच्या सैन्याने संपवले.

मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यातील तुर्की शिलालेख मात्र शेवटी वाचावेत. क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या स्मरणार्थ 732 मध्ये कोरलेल्या लेखात धाकटे भाऊ थोरल्यांसारखे निघाले नाहीत, पुत्र पित्यांसारखे निघाले नाहीत, आणि चिनी कपटाने भावाभावांत वैर लावले, असे खेदाने म्हटले आहे. लेख घटनेनंतर दीड शतकाने कोरलेला आहे व पुन्हा उभ्या राहिलेल्या सत्तेच्या खागानाने आपल्याच लोकांना दिलेला इशारा आहे, हे ध्यानी ठेवावे. त्यात बुमिन आणि इस्तेमी यांची नावे गौरवाने येतात. आपा आणि तार्दू यांची येत नाहीत, ती आपल्या वंशावळीतून शोधावी लागतात.