ऑल, एनी, फ्यू आणि कॅन, मे, मस्ट: इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

मी एकदा मेलमध्ये लिहिलं होतं, "ऑल मेंबर्स कान्ट कम टुमारो". मला म्हणायचं होतं की सगळ्यांनाच जमेल असं नाही, दोघं-तिघं गळतील, बाकीचे येतील. समोरच्याने वाचलं की उद्या कोणीच येत नाहीये, आणि त्याने मीटिंगच कॅन्सल करून टाकली. स्पेलिंग बरोबर, ग्रामरही बरोबर, तरी निरोप उलटा गेला. आपण कॅन, मे, मस्ट एका धड्यात शिकतो, ऑल, एनी, सम, फ्यू दुसऱ्या धड्यात, पण दोन्ही एकाच वाक्यात आले आणि मधे "नॉट" घुसला की काय होतं हे सहसा कोणी शिकवत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते.

माझ्या त्या वाक्यातला "नॉट" नक्की कोणाला लागतो? "कॅन"ला लागला तर अर्थ होतो की सगळ्यांच्या बाबतीत येणं अशक्य, म्हणजे एकही जण येणार नाही. "ऑल"ला लागला तर अर्थ होतो सगळे नाही, काही येतील. इंग्रजीत हे वाक्य दोन्ही अर्थांनी चालतं. बोलताना "ऑल"वर आवाज चढवला की ऐकणाऱ्याला कळतं, लिहिताना तो आवाज जातो कुठे? ही काही फक्त आपली मराठी माणसांची चूक नाही हं, ज्यांची इंग्रजी मातृभाषा आहे तेही असंच बोलतात आणि ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९१७ सालीच या "ऑल... नॉट"वर सविस्तर लिहून ठेवलंय. "चकाकतं ते सगळं सोनं नसतं" ही म्हण बघा, मराठीतही आणि इंग्रजीतही नकार क्रियापदापाशीच आहे, तरी आपण बरोबर अर्थ घेतो कारण म्हण पाठ आहे. तुमच्या मेलमधलं वाक्य कोणाला पाठ नसतं.

यावर मला सापडलेला उपाय मराठीतलाच आहे. मनातलं वाक्य आधी दोन प्रकारे म्हणून बघा. शेवटी "असं नाही" बसलं, म्हणजे "सगळेच येतील असं नाही", तर इंग्रजीत वाक्य "नॉट ऑल" किंवा "नॉट एव्हरीवन"ने सुरू करायचं: "नॉट एव्हरीवन कॅन कम". आणि "एकही" बसलं, "एकही जण येऊ शकणार नाही", तर "नोबडी कॅन कम" किंवा "नन ऑफ देम कॅन कम". "कोणीच नाही"साठी इंग्रजीत एकच शब्द आहे, नोबडी, पण "सगळे नाहीत"साठी एक शब्द नाहीच, तिथे "नॉट" आणि "ऑल" असे दोन शब्द शेजारी ठेवावेच लागतात. दोन जणांचंही असंच. "बोथ ऑफ देम कान्ट कम" लिहिलंत की वाचणारा अडकतो, दोघंही नाही की दोघं एकदम नाही? दोघंही नसतील तर "नीदर ऑफ देम कॅन कम", एकच येणार असेल तर सरळ "ओन्ली वन ऑफ देम कॅन कम".

"एनी"ची चूक वेगळी आहे आणि ती थेट मराठीतून येते. "ही फाईल कोणीही उघडू शकत नाही" याचं आपण शब्दाला शब्द लावून "एनीबडी कान्ट ओपन धिस फाईल" करतो. हे इंग्रजीत चालत नाही, कारण नकारी वाक्यातला "एनी" नेहमी "नॉट"च्या मागून येतो, पुढे नाही. "आय कान्ट सी एनीबडी" बरोबर, पण कर्त्याच्या जागी "नोबडी कॅन ओपन धिस फाईल"च हवं. मग काही जण सुधारायला जातात आणि "नोबडी कान्ट ओपन" लिहितात. यामागे पण मराठीच आहे, आपल्याला "कोणीच" म्हटल्यावर "नाही" लागतंच, दोन्ही हवेत. प्रमाण इंग्रजीत नकार एकदाच.

"यू मे रीड एनी बुक" छान वाक्य आहे, हवं ते वाच. पण "यू मस्ट रीड एनी बुक" विचित्र वाटतं. परवानगी देताना "कुठलंही" शोभतं, सक्ती करताना नाही. तिथे "यू मस्ट रीड ॲट लीस्ट वन बुक" म्हणा, किंवा सगळी वाचायची असतील तर "एव्हरी बुक". मात्र "एनीवन हू कम्स लेट मस्ट साईन हिअर" अगदी बरोबर आहे, कारण "जो कोणी उशिरा येईल तो" अशी अट मागे जोडलीये.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती "मस्ट नॉट"ची चूक. "सगळ्यांनी यायची गरज नाही" असं सांगायचंय आणि नोटीस लागते "एव्हरीबडी मस्ट नॉट कम". वाचणाऱ्यासाठी ती बंदी झाली, कोणीही यायचं नाही! गरज नसणं आणि मनाई असणं हे दोन्ही आपण बोलताना "यायला नको"मध्ये उरकतो, इंग्रजीत त्यांचे रस्ते वेगळे आहेत. इथे हवं "नॉट एव्हरीबडी हॅज टू कम". आणि "मे नॉट" तर नोटीसमध्ये शक्यतो टाळाच, कारण "सम मेंबर्स मे नॉट अटेंड" म्हणजे काही जण कदाचित येणार नाहीत की काहींना यायची परवानगी नाही, हे त्या वाक्यावरून कळतच नाही.

एक छोटी गोष्ट, "एव्हरी स्टुडंट मस्ट सबमिट्स" लिहू नका, मस्टनंतर क्रियापदाला "एस" लागत नाही. पण "हॅव टू" घेतलं की फरक परत येतो: "एव्हरी स्टुडंट हॅज टू सबमिट", "ऑल स्टुडंट्स हॅव टू सबमिट".

"फ्यू" आणि "अ फ्यू"मध्ये एका "अ"चा फरक आहे, पण "फ्यू पीपल कॅन सॉल्व्ह धिस" म्हणजे जवळजवळ कोणालाच जमत नाही आणि "अ फ्यू पीपल कॅन सॉल्व्ह धिस" म्हणजे काहींना जमतं. शेपटीचा प्रश्न, म्हणजे क्वेश्चन टॅग, लावून बघा, लगेच कळेल. पहिल्याला "कॅन दे?" लागतं, जसं नकारी वाक्याला लागतं, आणि दुसऱ्याला "कान्ट दे?". म्हणजे "फ्यू"च्या पोटात "नाही" लपलेलं आहे.

आता आकडे, कारण सूचना लिहिणारे इथे हमखास घसरतात. "यू मे आस्क ३ क्वेश्चन्स" यात ३ ही वरची मर्यादा झाली, चौथा विचारता येणार नाही, एकच विचारला तरी कोणी रागावणार नाही. "यू मस्ट आन्सर ३ क्वेश्चन्स" यात तोच ३ खालची मर्यादा होतो, दोन सोडवून चालणार नाही, चार सोडवले तर काय हे वाक्य सांगत नाही. आकडा तोच, मे आणि मस्टने त्याची बाजू बदलली. म्हणून बरोबर तीनच हवे असतील तर "एक्झॅक्टली ३" लिहा. आणि "यू मस्ट अपलोड अप टू ३ फोटोज" असं कधीच लिहू नका, वाचणारा विचार करत बसतो की एकही नाही टाकला तर फॉर्म चालेल का. तिथे "अपलोड ॲट लीस्ट १ अँड नॉट मोअर दॅन ३ फोटोज" एवढं लिहिलं की कोणी विचारायला येत नाही.