प्रोस्टेटचा कॅन्सर पसरल्यावर रेडिएशन: त्रास कसा सांभाळावा

रेडिएशनचा त्रास बहुतेक किरण पडतात त्याच जागी होतो. म्हणून आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: किरण नेमके कुठे देणार आणि कशासाठी, प्रोस्टेटची गाठ आवरायला की हाडातलं दुखणं कमी करायला? शेजारच्या पेशंटला जे झालं ते तुम्हाला होईलच असं नाही. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत, त्यामुळे नातवंडांना खुशाल जवळ घ्या. शिरेतून किरणोत्सर्गी औषध दिलं असेल तर मात्र नियम वेगळे असतात, ते विभागातून समजून घ्या.

हाडावर रेडिएशन असेल तर
अनेकदा ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एकच डोस देतात. त्यानंतरच्या काही दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं. उपचार फसला असं समजू नका. आराम पडायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, तोवर वेदनाशामक गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मॉर्फिनसारखं औषध चालू असेल तर पोट साफ होण्याचं औषधही सोबत मागून घ्या. कंबरेच्या मणक्यावर किरण पडले तर मळमळ होऊ शकते. त्यावरची गोळी आधी घेतली तर जास्त उपयोगी पडते.

पाय लुळे वाटू लागले, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पाठीत नवीन, वाढत जाणारी कळ येऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट पाहू नका. मज्जारज्जू दबत असण्याची ही लक्षणं आहेत. रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत जा. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नसतं.

ओटीपोटावर रेडिएशन असेल तर
दोन-तीन आठवड्यांनी लघवीला वारंवार जावं लागतं, घाई होते, जळजळ होते. बहुतेक जण इथे पाणी पिणंच कमी करतात. तसं करू नका, लघवी घट्ट झाली की जळजळ वाढते. दिवसभर नेहमीसारखं पाणी प्या आणि झोपण्याआधीचे दोन तास हात आखडता घ्या. चहा, कॉफी, दारू कमी केल्यावर फरक पडतो का ते पाहा. जळजळ म्हणजे दर वेळी रेडिएशनच असं नाही, संसर्गही असू शकतो, म्हणून लघवी तपासून घ्या. धार बारीक असेल तर टॅम्सुलोसिनसारखी गोळी देतात. ती चालू असताना अंथरुणातून सावकाश उठा, चक्कर येऊ शकते. लघवी पूर्ण अडली तर लगेच हॉस्पिटल गाठा.

जुलाब किंवा चिकट शौच होत असेल तर काही दिवस कोंडा, सालं, कच्च्या भाज्या आणि तेलकट खाणं कमी करा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. त्या भागातली त्वचा कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा, चोळू नका. हे सगळं सहसा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतं.

थकव्यावर नुसतं पडून राहणं हा उपाय नव्हे. जमेल तेवढं रोज चाला, दुपारची झोप छोटी ठेवा. हार्मोनच्या इंजेक्शननेही थकवा आणि अंगात गरम लाटा येतात, तेव्हा सगळा दोष रेडिएशनला देऊ नका. हिमोग्लोबिन तपासायला सांगा.

लिंगाची ताठरता कमी होण्याचा विषय पुरुष सहसा काढत नाहीत. तुम्ही काढा, कारण उपचार आहेत. मात्र छातीदुखीसाठी नायट्रेट घेत असाल तर सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेऊ नका. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरतो.

काही त्रास महिन्या-वर्षांनी डोकं वर काढतात, जसं शौचातून किंवा लघवीतून रक्त जाणं. त्याला मूळव्याध समजून घरगुती इलाज करत बसू नका. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आधी सांगा. गुदाशयाच्या पुढच्या, किरण पडलेल्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढला तर जखम भरायला फार त्रास होऊ शकतो. रेडिएशनचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा.