नव्या वर्षात घर आवरताय? या चुका टाळा

दिवाळीला घर लख्ख होतं. जळमटं निघतात, माळ्यावरचं सगळं खाली येतं, पुसलं जातं आणि जसंच्या तसं परत वर जातं. म्हणून जानेवारीतही तेच गच्च भरलेलं कपाट आणि ऐन वेळी न सापडणारं विजेचं बिल. धूळ काढण्यात आपण कमी पडत नाही. वस्तू ठेवायची की काढायची, ठेवायची तर कुठे, हे ठरवायचं मात्र राहून जातं. नव्या वर्षाची आवराआवर या ठरवण्यासाठीच असावी.

आधी डबे आणू नका

वर्षाअखेरीचे सेल लागले की कप्प्याकप्प्यांचे ट्रे, झाकणाचे डबे घरात येतात. मग नको असलेल्या वस्तूसुद्धा त्यात नीट लावून बसतात आणि कपाट होतं तेवढंच भरलेलं राहतं. आधी वस्तू कमी करा. तोवर श्रीखंडाचे डबे आणि चपलांची खोकी पुरतात. उरलेलं किती आहे हे कळल्यावर खणाची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजा, मग दुकानात जा. उंची मोजायची राहते आणि डबा खणात जातो पण झाकण उघडत नाही, असं हमखास होतं.

एका रविवारी अख्खं घर काढू नका

सगळं कपाट पलंगावर ओतलं की संध्याकाळी झोपायला जागा हवी म्हणून तेच पुन्हा आत कोंबलं जातं. एक खण घ्या आणि तो पूर्ण संपवा. सुरुवात जुने फोटो किंवा साड्यांपासून तर मुळीच नको, हात तिथेच अडकतो. औषधांच्या डब्यापासून करा, कारण तिथे निर्णय तारीखच देते. पट्टीची तारीख छापलेली बाजू आधी कापली गेली असेल तर उरलेल्या गोळ्या कधीच्या हे कळायचा मार्ग नसतो, त्या टाकाच. यापुढे गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढायची सवय घरात सगळ्यांना लावा. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात, बाटलीवरची तारीख दोन वर्षं पुढची असली तरी. म्हणून बाटली फोडली की त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहा.

काढलेलं सामान त्याच आठवड्यात घराबाहेर गेलं पाहिजे. ‘द्यायचे कपडे’ म्हणून बांधलेलं गाठोडं दाराआड पाडव्यापर्यंत पडून राहतं आणि मधल्या काळात त्यातले दोन शर्ट परत कपाटात येतात. बोहारणीला कपडे दिलेत तर बदल्यात येणारं पातेलं खरंच हवं आहे का, तेही बघा. जुने मोबाइल आणि चार्जर सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. आणि सासूबाईंची किंवा मुलांची वस्तू त्यांना न विचारता काढू नका. त्यावरून एकदा वाजलं की घरातलं कुणी पुढच्या आवराआवरीला हात लावत नाही.

स्वयंपाकघरात नवं जुन्यावर ओतू नका

तळाशी वाटीभर तूरडाळ असताना नवं पाकीट वरून रिकामं केलं की खालची डाळ महिनोन्‌महिने तशीच राहते. टोके तिथून सुरू होतात, रव्याला जाळी तिथूनच धरते. उरलेलं आधी वाटीत काढा, डबा धुऊन उन्हात कोरडा करा, नवं भरा आणि जुनं सर्वांत वर घाला. उन्हाळ्यातले पापड, कुरडया आणि सांडगे जानेवारीत आठ-नऊ महिन्यांचे झालेले असतात. एकेक तळून चाखा. खवट वास येणारे ठेवून उपयोग नाही. पुढच्या एप्रिलमध्ये किती करायचे याचा अंदाजही आत्ताच येतो.

कागद ‘एकाच पिशवीत’ ठेवू नका

नोकरदार घरांत जानेवारीत ऑफिसकडून गुंतवणुकीचे पुरावे मागितले जातात. विम्याच्या पावत्या, भाड्याच्या पावत्या, गृहकर्जाचा दाखला यासाठी सगळी फाइल बाहेर येतेच. ती परत कोंबू नका, तिथेच वेगळी करा. कायमचे कागद एका फाइलमध्ये: घराचा मूळ करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), जन्मदाखले, गुणपत्रिका. मुदतीचे दुसऱ्या फाइलमध्ये: मेडिक्लेम, गाडीचा विमा, पीयूसी, वॉरंटी कार्डं. या दुसऱ्या फाइलच्या पहिल्याच पानावर कशाची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा. घरात बारावीचं मूल असेल आणि नॉन-क्रीमीलेअर लागत असेल तर त्या दाखल्याची मुदत आत्ता बघा. ती ३१ मार्चला संपणारी असते आणि जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रावर रांगा लागतात.

इथे काही चुका नेहमीच्या आहेत. पहिली लॅमिनेशनची. भागदाखल्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदी होतात. तो लॅमिनेट केला की पुढची नोंद करायची कुठे? मूळ कागद नेहमी साध्या पारदर्शक पाकिटात ठेवा. दुसरी दुकानाच्या बिलांची. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने, उजेडाने, अगदी काही प्लॅस्टिकच्या पाकिटांतही उडते. फ्रिजचं बिल हवं असतं तेव्हा हातात कोरा कागद येतो. बिल मिळाल्या दिवशीच फोटो काढा आणि एक झेरॉक्स वॉरंटी कार्डाला टाचून ठेवा. तिसरी डिजिलॉकरची. सरकारी खात्याने किंवा मंडळाने ‘जारी’ केलेला दाखला तिथे मुळासारखाच धरला जातो, पण आपणच फोटो काढून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही. दोन्ही एकाच ॲपमध्ये दिसतात म्हणून गल्लत होते.

आधारच्या झेरॉक्स अख्ख्या रद्दीत देऊ नका, बारीक फाडा. प्रत द्यायची वेळ आली आणि समोरच्याला चालत असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे हे सगळं घरात एकालाच माहीत असणं. कुठल्या बँकेत खातं आहे, ठेव कुठे आहे, लॉकरची किल्ली कुठे, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, हे एका कागदावर लिहा आणि घरातल्या आणखी एका माणसाला समोर बसवून दाखवा. पासवर्ड त्यावर नकोत. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांतले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारसांना ते परत मिळू शकतात, पण खातं होतं हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? आईवडिलांची अशी जुनी खाती असण्याची शक्यता वाटत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारजणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून कुणाचं नाव आहे, तेही याच निमित्ताने पाहून घ्या.

आवरून झाल्यावर येणारा लोंढा विसरू नका

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक घरातून एक वाण येतं. वाट्या, चाळण्या, प्लॅस्टिकचे डबे. आनंदाने घ्या, पण त्यांच्यासाठी एकच टोपली ठेवा आणि रथसप्तमी झाली की ती रिकामी करा: लागतं ते वापरात, बाकीचं पुढे. आपल्याकडचं वाण ठरवताना तीळगूळ, वाणसामान किंवा रोप दिलंत तर समोरच्या घरातही अडगळ वाढत नाही.

तरीही पसारा परत होतोय?

तो नेमका कुठे होतो ते आठवडाभर बघा. दाराजवळच्या टेबलावर किल्ल्या, हेल्मेट आणि कुरिअरची पाकिटं साठत असतील तर रोज उचलून आत नेण्यात अर्थ नाही. तिथेच भिंतीला खुंट्या लावा आणि खाली एक ट्रे ठेवा. खुर्चीवर एकदा घातलेल्या कपड्यांचा ढीग होत असेल तर ते धुवायचे नाहीत आणि घडी घालून आत ठेवायचेही नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. दाराच्या मागे माणशी दोन हुक द्या आणि ती खुर्ची त्या खोलीतून हलवा.