जनसुनावणीत बोललेलं कागदावर कसं उतरवायचं

गावाजवळ खाण, कारखाना, बंदर किंवा औष्णिक वीज प्रकल्प येणार असेल आणि त्यासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी लागली असेल, तर एक गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्या: तिथे मतदान होत नाही. हजार माणसांनी ‘रद्द करा’ म्हटलं तरी तेवढ्यानं प्रकल्प रद्द होत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनं लोकांना नकाराधिकार दिलेला नाही. जमीन, पाणी आणि हवा ज्यांची जाणार त्यांना फक्त ‘मत मांडायची संधी’ मिळते. हे अन्यायाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण ही संधी बिनकामाची नाही. तिथे नोंदलेल्या प्रत्येक मुद्द्यावर प्रकल्पधारकाला खुलासा द्यावा लागतो, आणि ‘अ’ वर्गाचा प्रकल्प असेल तर दिल्लीतल्या, ‘ब-१’ वर्गाचा असेल तर राज्याच्या तज्ज्ञ समितीला तो मुद्दा तपासावा लागतो. गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये बजावलं की जनसुनावणीतल्या हरकती समितीनं का मान्य केल्या किंवा का फेटाळल्या याची कारणं दिसली पाहिजेत. म्हणजे सगळा खेळ नोंदीचा आहे. जे इतिवृत्तात नाही, ते पुढच्या कुठल्याही टप्प्यावर घडलेलंच नसतं.

नोटीस छापून आली, त्या दिवशी

सुनावणीची जाहीर नोटीस किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. कात्रण कापू नका. तारीख दिसेल असं अख्खं पान जपून ठेवा. मग दिवस मोजा. नोटिशीची तारीख आणि सुनावणीची तारीख यांत ३० दिवस भरत नसतील, तर तुमची पहिली लेखी हरकत तीच. नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात ही मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल शेतकऱ्यानं २० दिवसांत वाचावा, ही अपेक्षा ज्यांना रास्त वाटली त्यांना लोकांचं ऐकायचंच नव्हतं, असंच म्हणावं लागेल.

नोटिशीत अहवाल कुठे पाहायला मिळेल ती ठिकाणं दिलेली असतात: जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय. पहिल्या तीन-चार दिवसांत दोघातिघांनी यातल्या निदान दोन ठिकाणी जाऊन बघायचं. ग्रामपंचायतीत अहवाल पोचलेलाच नसणं किंवा कपाटाची चावी नसणं ही नेहमीची अडचण. अशा वेळी तोंडी वाद घालू नका. त्याच दिवशी ‘अमुक तारखेला, अमुक वाजता गेलो, अहवाल उपलब्ध नव्हता’ असं चार ओळींचं पत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, आणि दुय्यम प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेलं पत्र पुढे कामाला येत नाही.

अहवालाचा सारांश मराठीत देणं बंधनकारक आहे. पूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. सारांशावर विसंबू नका. त्यात प्रकल्पाचे फायदे सविस्तर आणि परिणाम ‘नगण्य’ या एका शब्दात उरकलेले असतात. गावातली किंवा तालुक्यातली इंग्रजी वाचणारी चार-पाच मुलंमुली बसवा, प्रकरणं वाटून द्या, आणि प्रत्येकानं आपल्या प्रकरणाचा एक पानी मराठी गोषवारा करायचा. आठवड्याभरात हे होतं.

अहवालात बघायचं काय

अहवालाची रचना ठरलेली, बारा प्रकरणांची असते. सगळं सारख्या बारकाईनं वाचायची गरज नाही. सुरुवातीला टीओआरच्या पूर्ततेचा तक्ता असतो. टीओआर म्हणजे कशाकशाचा अभ्यास करायचा याची समितीनं घालून दिलेली यादी. तक्त्यात प्रत्येक अटीपुढे ‘प्रकरण ३ पाहा’ असं लिहिलेलं असतं. त्या पानावर खरंच जाऊन बघा. अट ‘दहा किलोमीटरमधल्या सर्व झऱ्यांची नोंद’ अशी असते आणि दिलेल्या पानावर नुसता जिल्ह्याच्या भूजलाचा परिच्छेद सापडतो. असे दोन मुद्दे हाती लागले तरी फेरा वसूल झाला.

तिसरं प्रकरण, म्हणजे सध्याच्या पर्यावरणाचं वर्णन, तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त कळतं. अभ्यासक्षेत्र बहुधा प्रकल्पाभोवतीचं दहा किलोमीटरचं असतं आणि मोजणी पावसाळा सोडून एकाच हंगामाची चालते. मार्च ते मेमध्ये मोजणी केली असेल तर ओढे कोरडे, भातखाचरं रिकामी आणि पाणपक्षी गेलेले. मग ‘प्रकल्पक्षेत्रातून कोणताही प्रवाह जात नाही’ हे वाक्य छापलं जातं. त्याला उत्तर म्हणून पावसाळ्यातले तारखेसह फोटो आणि गावनकाशावर दाखवलेला ओढा जोडा. हवेची मोजणी साधारण आठवड्यातून दोन दिवस, बारा आठवडे होते, म्हणजे एका ठिकाणाच्या २४ नोंदी. त्या परिशिष्टात आहेत का, आठ ठिकाणांचे आकडे संशयास्पदरीत्या सारखे आहेत का, आणि मोजणीयंत्र ज्या घराच्या गच्चीवर होतं असं लिहिलंय त्या घरच्यांनी ते पाहिलंय का, हे विचारा. घरच्यांनी नाही म्हटलं तर त्यांचं सहीचं निवेदन घ्या. पाण्याचे नमुने घेतल्याच्या जागांचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या नकाशात टाका. विहीर म्हणून दिलेली जागा डांबरी रस्त्यावर निघू शकते.

वनस्पती-प्राण्यांच्या यादीत कधी दुसऱ्याच भागातली झाडं, तर मजकुरात भलत्याच नदीचं नाव आढळतं. हा जुन्या अहवालातून उतरवल्याचा पुरावा. पान क्रमांकासह नोंद करा. शेवटच्या प्रकरणात सल्लागार संस्थेची माहिती असते. तिची नॅबेट (अशा सल्लागारांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता त्या प्रकारच्या प्रकल्पासाठी आणि त्या मुदतीत होती का, तेवढं तपासलं की पुरे.

आकडे मात्र स्वतः फिरवून बघा, कारण अहवालातले आकडे माणसाच्या मापात मांडलेले नसतात. रोज ५०० घनमीटर पाणी लागणार असं लिहिलं असेल, तर ते ५ लाख लिटर. माणशी ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या मापानं ते सुमारे ९ हजार लोकांचं रोजचं पाणी आहे. वर्षाला १० लाख टन माल, ३०० दिवस काम आणि २० टनांचा ट्रक धरला, तर रोज १६७ भरलेल्या आणि तेवढ्याच रिकाम्या खेपा. १६ तास वाहतूक चालली तर शाळेसमोरून दर तीन मिनिटांना एक ट्रक. हा हिशेब इतिवृत्तात गेला की ‘वाहतुकीवर किरकोळ परिणाम’ या वाक्याला समितीसमोर उत्तर द्यावं लागतं.

हरकत लिहिताना

‘प्रदूषण होईल, आरोग्य बिघडेल’ ही हरकत खरी असते, पण तिचं उत्तर एका ओळीत देता येतं: ‘सर्व निकष पाळले जातील.’ प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी असू द्या. अहवालातलं पान, तिथे काय लिहिलंय, प्रत्यक्षात काय आहे, आणि तुमची मागणी काय. उदाहरणार्थ: ‘प्रकरण ३, पान अमुक: प्रकल्पक्षेत्राच्या दक्षिणेला ओढा नसल्याचं म्हटलं आहे. गावनकाशात गट क्रमांक अमुकमधून ओढा दाखवला आहे, प्रत जोडली आहे. पावसाळ्यातली मोजणी करून अहवाल सुधारावा आणि तोवर शिफारस करू नये.’ मागणीचं वाक्य लोक विसरतात. ते नसेल तर मुद्दा नुसती ‘माहिती’ ठरतो.

शंभर जणांनी एकच छापील अर्ज देण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे द्यावेत. सारख्या अर्जांची इतिवृत्तात एकच ओळ होते. मच्छीमारांनी मासळीच्या हंगामावर, दूधवाल्यांनी चराईवर, शिक्षकांनी रस्त्यावर, आशाताईंनी दम्याच्या रुग्णांवर लिहावं. ग्रामसभेचा ठराव जोडा. त्यावर तारीख, ठराव क्रमांक आणि हजेरी हवीच. वनजमीन जात असेल तर वनहक्क कायदा, २००६ खालचे प्रलंबित दावे त्यात नमूद करा.

ज्यांना प्रकल्प थांबणार नाही असं वाटतं, त्यांनीही लेखी मागणी करावी. केंद्रीय मंत्रालयाच्या ३० सप्टेंबर २०२० च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार सुनावणीत दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घ्यायची असतात. म्हणून ‘गावाचा विकास करू’ हे उत्तर स्वीकारू नका. काय, कुठे, किती रुपयांत आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे माइकवर वदवून घ्या.

पोलिसांची नोटीस आली तर

सुनावणीच्या आदल्या दिवशी काही जणांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची (पूर्वीचं कलम १४९) नोटीस दिली जाते. ती अटक नाही आणि गुन्ह्याची नोंदही नाही. प्रत घ्या, त्यांच्या प्रतीवर सहीसोबत तारीख-वेळ टाका, आणि त्याच दिवशी लेखी उत्तर द्या: ‘प्रशासनानंच बोलावलेल्या जनसुनावणीत शांततेनं मत मांडण्यासाठी मी जाणार आहे.’ जमावबंदीचा आदेश असेल तर सुनावणीला येणाऱ्यांना तो लागू आहे का, हे जिल्हादंडाधिकाऱ्यांना लेखी विचारा. कुणाला प्रतिबंधात्मक ताब्यात घेतलंच, तर कारण सांगणं आणि नातेवाइकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय २४ तासांपुढे ठेवता येत नाही. त्या माणसाची हरकत दुसऱ्यानं वाचून दाखवायची आणि तो का आला नाही हेही माइकवर सांगायचं.

सुनावणीच्या दिवशी

मंडप उधळून लावायचा मोह होतो, आणि संताप अनाठायी नसतो. तरीही तसं करू नका. अधिसूचनेतच तरतूद आहे: स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणानं मत मांडता येत नाही असा अहवाल गेला, तर मंजुरी देणारं प्राधिकरण सुनावणीशिवायच पुढे जायचं ठरवू शकतं. म्हणजे गोंधळाचा फायदा कुणाला होतो, ते उघड आहे. बहिष्काराचंही तसंच. सुनावणीला गणसंख्येची अट नाही; दहा माणसं आली तरी ती ‘पार पडली’. बहिष्कार टाकायचाच असेल तर कारणांचं लेखी निवेदन अध्यक्षांच्या हाती देऊन, त्याची नोंद करून घेऊनच बाहेर पडा.

लवकर पोचा आणि हजेरीपटावर नाव, गाव, सही करा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी लागतो. पदनाम सुरुवातीलाच विचारून लिहून घ्या. संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण बंधनकारक आहे. कॅमेरा फक्त व्यासपीठाकडे वळवलेला असेल तर तसं माइकवर सांगा, आणि आपलंही चित्रीकरण सलग चालू ठेवा. आधी प्रकल्पधारकाचं सादरीकरण होतं. त्यात पुष्कळ वेळ गेला तरी उपस्थित प्रत्येकाला बोलायची संधी मिळालीच पाहिजे, हा नियम अध्यक्षांना आठवून द्या.

तीन मिनिटांत बोला: नाव, गाव, गट क्रमांक, पान, मुद्दा, मागणी. मग लेखी प्रत द्या आणि पोचपावती घ्या. बायकांची नावं यादीत वर असू द्या. दुपार कलली की त्यांना घरी परतावं लागतं आणि पाण्या-सरपणाचे मुद्दे नोंदीवाचून राहतात.

सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. भाषणं संपली की लोक उठतात. पण नियमानुसार शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही होते. निदान वीस जणांनी त्या क्षणापर्यंत हलायचं नाही. यादी हातात ठेवून मुद्दे ताडून बघा, सुटलेला मुद्दा तिथेच घालायला लावा. वाचन झालंच नाही तर त्याच संध्याकाळी मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल करा.

त्यानंतर

मंडळानं इतिवृत्त आठ दिवसांत पुढे पाठवायचं असतं, आणि ते संकेतस्थळावर व ग्रामपंचायतीत लागतं. आपल्या चित्रीकरणाशी पडताळून फरकांचं पत्र थेट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला किंवा मंजुरी देणाऱ्या राज्य प्राधिकरणाला पाठवा. अधिसूचना ही मुभा देते. इतिवृत्त मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. पर्यावरण मंजुरीच्या अर्जांसाठीच्या केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाचा प्रस्ताव क्रमांक शोधून ठेवा आणि तज्ज्ञ समितीच्या बैठकांची कार्यसूची दर आठवड्याला बघा. बैठकीआधी समितीच्या सचिवांना दोन पानी टिपण पाठवा, जास्त नको.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०, त्यापुढे एकही नाही. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित केली, ती अर्जात दडवलेली माहिती आणि समितीचं वरवरचं मूल्यमापन कागदांवरून उघडं पडलं म्हणून. पुढे २०२० मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, हेही खरं.

प्रकल्प सुरू झाला तरी दर १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तो मागवा, आणि सुनावणीत माइकवर वदवून घेतलेली आश्वासनं त्यात एकेक करून शोधा.